ओटा आधी की फरशी? स्वयंपाकघर टप्प्याटप्प्याने बदलताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला आमच्या घरी स्वयंपाकघराचं काम तीन वर्षं चाललं. सलग नाही. हातात पैसा आला की थोडं व्हायचं, संपला की थांबायचं. असे चार टप्पे झाले. तेव्हापासून जळगाव, धुळे, शहादा, चोपडा इकडच्या नात्यातल्या नि ओळखीतल्या बायका (आणि हल्ली पुरुषही) जे प्रश्न फोनवर पाठवत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. दर मुद्दाम दिलेले नाहीत. ग्रॅनाइटचा भाव धुळ्यात एक, रावेरला दुसरा आणि पुढच्या महिन्यात तिसराच असतो. मापं मात्र दिली आहेत, ती घेऊन दुकानात जा.

१. ताई, थोडं थोडं करण्यात शेवटी जास्तच पैसे जातात ना?

थोडे जातात. मिस्त्री दोनदा येतो, टेम्पो दोनदा लागतो, मलबा दोनदा उचलावा लागतो. पण खरा फटका बसतो तो केलेलं काम पुन्हा फोडावं लागलं तर. आमच्या शेजारच्या घरी आधी भिंतीला सुंदर टाइल्स लागल्या, आणि सहा महिन्यांनी लक्षात आलं की फिल्टरसाठी पाण्याची लाइनच नाही. नव्या टाइल्स फोडून पाइप टाकला. तशा रंगाच्या टाइल्स परत मिळाल्या नाहीत. आजही तिथे एक पट्टा वेगळा दिसतो आणि पाहुणे विचारतात, ही डिझाइन आहे का म्हणून. क्रम चुकला नाही तर टप्प्याने करण्यातला जादा खर्च सोसण्यासारखा असतो.

२. मग क्रम काय ठेवायचा?

जे झाकलं जाणार ते आधी, जे दिसणार ते नंतर, आणि जे काढता-घालता येतं ते सगळ्यात शेवटी.

आमचं असं झालं: पहिल्या टप्प्यात सांडपाण्याचा पाइप, पाण्याच्या लाइनी, वायरिंग आणि छताची ओल. दुसऱ्यात ओटा, सिंक, ओट्यामागच्या टाइल्स. तिसऱ्यात फरशी. चौथ्यात ट्रॉल्या आणि दारं. चिमणी अजून घेतलेली नाही, पण तिची सोय पहिल्याच टप्प्यात करून ठेवली आहे (प्रश्न १२).

पहिला टप्पा संपल्यावर घर आधीपेक्षा वाईट दिसतं. भिंतीला चरे, सिमेंटचे पट्टे, वर जुनाच ओटा. सासूबाई म्हणाल्या, "पैसे घालून घर बिघडवलं." तयारी ठेवा.

३. पहिल्या टप्प्याआधी बिनपैशाचं काही करता येतं का?

येतं, आणि तेच बहुतेक जण टाळतात. सगळी भांडी एकदा ओसरीत काढा. वर्षभरात ज्याला हात लागला नाही ते वेगळं ठेवा. आमच्याकडे लग्नातली अकरा पातेली आणि झाकण नसलेले सात डबे निघाले. ट्रॉल्या किती लागतील हे त्यानंतरच कळतं. मग आठ दिवस बघत राहा: ओट्याच्या कोणत्या कोपऱ्यात अंधार पडतो, पाणी कुठे साचतं, मिक्सर लावायला फ्रिजची पिन काढावी लागते का. ते वहीत लिहा. मिस्त्रीला सांगायचं ते तुमच्या त्या वहीत असतं, दुकानातल्या चित्रांत सापडत नाही.

४. वर्षात कोणत्या महिन्यात काम काढावं?

दिवाळी झाली की फेब्रुवारीपर्यंत. कापसाचा पैसा तेव्हाच हातात येतो, ऊन सौम्य असतं, सिमेंटला पाणी मारलेलं टिकतं. शिवाय तो भरिताचा हंगाम. चार दिवस घरची शेगडी बंद राहिली तरी कोणाच्या ना कोणाच्या शेतात पऱ्हाट्यांवर (कापसाच्या वाळक्या काड्यांवर) वांगी भाजली जातच असतात.

एप्रिल-मे टाळा. पारा ४४-४५ ला जातो, सकाळी मारलेलं पाणी दहा वाजेपर्यंत उडून जातं आणि प्लास्टरला बारीक भेगा पडतात. त्यातच पापड, कुरडया, बिबडे यांची गडबड, लग्नसराईमुळे कारागीर गायब, आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येणार. लेक माहेरी आली आणि ओटा फोडलेला, असं करू नका.

बऱ्याच घरांत श्रावणातल्या कानबाईची (घरी बसवतात त्या देवीची) मुदत असते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नैवेद्याचे रोट, त्याआधी घर रंगवून स्वच्छ हवं. ही मुदत रंग नि किरकोळ कामापुरती चांगली. ओटा मात्र जुलैत फोडायला काढू नका, पावसात काही वाळत नाही.

पितृपक्षात लोक नवीन काम सुरू करत नाहीत, त्यामुळे मिस्त्री मोकळे असतात. आम्ही पाइपचं काम त्याच पंधरवड्यात केलं. दुरुस्ती आहे, वास्तुशांत थोडीच आहे.

५. कर्ज काढावं का?

स्वयंपाकघरासाठी मी काढणार नाही. भिशी उचलायची पाळी पुढेमागे करून घेता येत असेल तर ती पहिल्या टप्प्याला लावा. बचत गटाचं अंतर्गत कर्जही चालेल, कारण हप्ता छोटा असतो आणि चुकला तर चार बायका विचारायला येतात. दुकानदाराच्या हप्त्यावरच्या मॉड्युलर किचनपासून लांब राहा, कारण तिथे सगळं एकदमच घ्यावं लागतं. प्रत्येक टप्प्याच्या रकमेतले दहात दोन भाग बाजूला काढा. जुनी भिंत फोडली की आतून काय निघेल ते मिस्त्रीलाही माहीत नसतं. आमच्याकडे उंदराचं बीळ निघालं, थेट गटारीपर्यंत.

६. काम चालू असताना स्वयंपाक कुठे करायचा?

ओसरीत किंवा मागच्या दारी. शेगडी मजबूत टेबलावर ठेवा आणि सिलेंडर खाली उभं. शेगडी जमिनीवर आणि सिलेंडर शेजारी, असं करू नका. वारा लागणार नाही असा आडोसा हवा. भांडी घासायला एक टब आणि नळाला लांब पाइप पुरतो. ओटा बदलायचे आठ-दहा दिवस जड जातात, बाकीचे टप्पे त्यामानाने सोपे. पीठ, मसाला, डाळी दुसऱ्या खोलीत झाकून ठेवा, कारण दगड-टाइल कापायच्या ग्राइंडरची धूळ बंद डब्यातही जाते.

७. ओटा किती उंच हवा?

रोज स्वयंपाक करणारीच्या मापाचा. सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीतून ४ ते ५ इंच वजा करा. बहुतेकींचं माप ३२ ते ३४ इंचांत येतं. भिंतीपासून पुढच्या कडेपर्यंत रुंदी २ फूट पुरते.

घोळ भाकरीचा आहे. कळण्याची भाकरी थापायला अंगाचा जोर लागतो, ३४ इंचांच्या ओट्यावर परात खांद्याशी येते. जागा असेल तर ओट्याचं एक टोक, दोन-अडीच फुटांचं, ३० इंचांवर घ्या. मिस्त्री कुरकुर करेल, कारण त्याला एक जादा कड मोल्डिंग करावी लागते. आमच्या जावेने ते टोक केलं आणि आता घरातली मुलं अभ्यासही तिथेच करतात.

सासू ४ फूट १०, सून ५ फूट ५ असेल तर? जी रोज करते तिचं माप. दुसरीला पाट द्या.

८. कडप्पा लावावा की ग्रॅनाइट?

वरती ग्रॅनाइट, खालच्या उभ्या फळ्या आणि कप्पे कडप्प्याचे. पैसे वाचवायची हीच जुनी आणि बरोबर रीत आहे. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे, लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडलं की त्यावर पांढुरके डाग पडतात आणि ते जात नाहीत. ग्रॅनाइटला आंबटाने काही होत नाही. उलट ओट्याखाली कडप्पा उत्तम, त्याला वाळवी लागत नाही आणि पाण्याने तो फुगत नाही.

रंगाबद्दल एक. आपल्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं. काळ्याभोर ग्रॅनाइटवर नळाभोवती पांढरी खापरी चढते आणि रोज पुसली तरी दिसते. करडा किंवा तपकिरी ठिपक्यांचा दगड घ्या. दिसायला साधा असतो, पण वागवायला सोपा.

मोजमापात फसू नका. एल आकाराचा ओटा भिंतीकडून ८ फूट आणि ५ फूट असेल तर काही जण ८ अधिक ५ गुणिले २ म्हणून २६ चौरस फूट लावतात. कोपरा दोनदा मोजला जातो. खरं माप ८ गुणिले २ आणि उरलेले ३ गुणिले २, म्हणजे २२. कापताना थोडं वाया जातं ते वेगळं धरा, पण आधी ते वेगळं लिहून घ्या.

९. ट्रॉल्या दोन वर्षांनी घ्यायच्या आहेत. आत्ता फक्त ओटा. चालेल?

चालेल, एका अटीवर. उभे कडप्पे बसवायच्या आधी ट्रॉलीवाल्याला एकदा घरी बोलवा. त्याला आत्ता काही विकत घ्यायचं नाही हे खरं सांगा आणि चहा पाजा. दोन कडप्प्यांमधलं मोकळं अंतर किती हवं ते त्याच्याकडून लिहून घ्या. ते अंतर वर, खाली, पुढे, मागे सगळीकडे सारखं हवं आणि दगड ओळंब्यात हवेत. अर्ध्या इंचाचा फरक पडला तरी चॅनल अडकतो, मग ट्रॉली ओढताना खडखडते किंवा दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या मारून अंतर भरावं लागतं. आमची तिसरी ट्रॉली अशीच आहे, तिला आम्ही "लंगडी" म्हणतो.

तोपर्यंत कप्प्यांना कापडी पडदे लावा. तार नि दोन खुंट्या, बस. माझ्या आईने तीस वर्षं तसेच चालवले.

१०. फरशी आधी की ओटा आधी?

दोन्ही एकाच टप्प्यात जमत असेल तर फरशी आधी. नसेल जमत आणि ओटा आधी करायचा असेल तर भविष्यातल्या फरशीची जाडी आत्ताच ओट्याच्या उंचीत धरा. जुनी फरशी उखडून त्याच पातळीला नवी बसणार असेल तर काही फरक नाही. जुनीवरच नवी चिकटवणार असाल (प्रश्न ११) तर साधारण अर्धा इंच वाढेल. आणि खाली चुरा-सिमेंटचा थर देऊन बसवणार असाल तर २ इंचांपर्यंत वाढतं. म्हणजे ३३ इंचांचा ओटा हवा असेल तर आज ३५ चा करा आणि दोन वर्षं टाचा उंचावून पोळ्या लाटा.

११. जुन्या फरशीवरच टाइल्स लावता येतात का? उखडायचा खर्च वाचेल.

येतात, टाइल अ‍ॅडहेसिव्ह (चिकटवायचा तयार मसाला) वापरून. साधं सिमेंट गुळगुळीत टाइलवर धरत नाही. आधी एका काठीने किंवा नाण्याने जुनी फरशी ठोकून पाहा. पोकळ वाजली तर ती उखडलीच पाहिजे, हलणाऱ्यावर काही बसत नाही. दार घासेल, खालून कापावं लागेल. न्हाणीकडचा उतारही तपासा, नाहीतर पाणी स्वयंपाकघराकडे येतं.

काळ्या मातीवरच्या घरांत उन्हाळ्यात जमीन भेगाळते आणि पावसात फुगते. फरशी त्यामुळेच तडकली असेल तर वरून नवी लावून उपयोग नाही, वर्षभरात तीच भेग वर येते. तिथे आधी खालचा थर बघावा लागतो.

शहाबादी फरशी असेल तर मी तिला हात लावणार नाही. पॉलिश करून घ्या. मे महिन्यात तिच्यावर बसून जेवण्याचं सुख चकचकीत टाइल देत नाही. उखडलीच तर फेकू नका, परसदारी पायवाट होते.

१२. वायरिंगमध्ये काय काय आधीच करून ठेवावं?

आज वस्तू नसली तरी तिची वाट करून ठेवा. मोकळा पाइप भिंतीत गाडून ठेवायला फार थोडे पैसे लागतात, तोच नंतर टाकायचा तर टाइल्स फुटतात.

मिक्सर, फिल्टर आणि एक जादा असे तीन साधे पॉइंट ओट्यावर. फ्रिजला वेगळा. इंडक्शन, ओव्हन किंवा घरघंटीसाठी निदान दोन १६ अँपियरचे, त्यांना ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. साध्या दिव्याला दीड पुरते. चिमणीसाठी शेगडीच्या वर, डोक्यापेक्षा उंच एक पॉइंट, आणि बाहेरच्या भिंतीला ६ इंचांचं भोक पाडून त्यावर झाकण. इन्व्हर्टर असेल तर एक दिवा नि पंखा त्यावर घ्या, लाइट रात्रीच्या स्वयंपाकाच्या वेळेलाच जाते.

३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवाच. ओले हात आणि ओला ओटा, इथे काटकसर नको. अर्थिंग नीट नसेल तर इथून सुरुवात करा.

प्लास्टर करायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. पुढे खिळा ठोकताना हाच फोटो कामाला येतो.

१३. चिमणी घ्यावी की एक्झॉस्ट फॅनवर भागेल?

खिडकी बाहेरच्या मोकळ्या बाजूला उघडत असेल तर चांगला एक्झॉस्ट फॅन पहिली काही वर्षं पुरतो. काळ्या मसाल्याची फोडणी, शेवभाजीची तर्री, यांचा ठसका बाहेर काढायला वाट हवी एवढंच. फॅन शेगडीच्या बाजूच्या भिंतीत, शक्य तितका वर.

खिडकी नसेल किंवा स्वयंपाकघर बैठकीला लागून असेल तर चिमणीचा विचार करा. पाइप बाहेर सोडणारीच घ्या. शेगडीपासून २४ ते ३० इंच वर बसवायची. आणि तेलाची जाळी कोण साफ करणार हे घ्यायच्या आधी घरात ठरवा.

१४. सिंकमध्ये पाणी तुंबतं. नवा ओटा केला की आपोआप सुटेल ना?

नाही. तुंबतं ते भिंतीमागे. पाइप किमान अडीच इंची हवा आणि दर ४ फुटांना १ इंच तरी उतार हवा. काटकोनी वळणाऐवजी दोन सौम्य वळणं घ्या आणि वळणाशी साफ करायचं तोंड ठेवा. सिंक जुन्या जागीच राहू दिलं तर सगळ्यात जास्त पैसे वाचतात. सिंक हलवलं की पाइप, उतार, फरशी सगळं हलतं.

नळाला रोज पाणी येत नसेल तर सिंकशेजारी हंडे-कळशा आणि माठ यांना हक्काची जागा मोजून ठेवा. ओट्याच्या टोकाला १८ इंचांचा जाड कडप्पा, खाली पाणी निथळायला छोटी मोरी. मॉड्युलर किचनच्या चित्रांत माठ नसतो, पण उन्हाळ्यात आपल्याला लागतो.

सिंक स्टीलचं, ३०४ ग्रेडचं. चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४, असं दुकानदार दाखवतो. तो पुरावा नाही, २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. शिक्का आणि बिल बघा. क्षाराच्या पाण्यात २०२ लवकर गंजतं.

१५. सिलेंडर ओट्याखाली कपाटात बंद केलं तर चालतं?

दाराला खाली जाळी किंवा भोकं हवीत. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, गळला तर खाली साचतो, वरच्या भोकांचा उपयोग नाही. सिलेंडर नेहमी उभं, आणि शेगडी त्याच्या वरच्या पातळीला. नळी आयएसआय शिक्क्याची, दीड मीटरपेक्षा लांब नको, भिंतीतून किंवा टाइलमागून नेलेली नको, आणि दर ५ वर्षांनी बदललेली. सिलेंडरच्या कप्प्यात वीजेचा पॉइंट देऊ नका. वास आला तर दिव्याचं बटण चालू-बंद न करता रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा, बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा.

१६. प्लायवूड, पीव्हीसी की अ‍ॅल्युमिनिअम?

कडप्प्याचे कप्पे असतील (प्रश्न ९) तर आतल्या पेट्यांची गरजच नाही, फक्त पुढची दारं हवीत. त्याला अ‍ॅल्युमिनिअमची चौकट आणि आत शीट, हे खिशाला परवडतं, वाळवीची भीती नाही, पाण्याची नाही. मोठ्या दाराला जरा हलकं वाटतं, आवाज येतो.

पीव्हीसी स्वस्त आणि पाण्याला चांगलं, पण शेगडीजवळ नको. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) ओट्याखाली अजिबात नको, एकदा भिजलं की पोळीसारखं फुगतं.

प्लाय घ्यायचाच तर त्यावर आयएस ७१० लिहिलेलं बघा. आयएस ३०३ मध्ये पाण्याला टिकणारा आणि न टिकणारा असे दोन्ही प्रकार येतात. खात्री करायची असेल तर दुकानातून चार बोटं रुंदीचा तुकडा मागून आणा आणि पातेल्यात दोन-तीन तास उकळा. ७१० ची चाचणी ७२ तास उकळण्याची असते. स्वस्तातला माल दुपारपर्यंतच पापुद्रे सोडतो.

१७. आमनं घर धाबानं शे. आम्हाला यातलं काही जमेल का?

जमेल, पण पद्धत वेगळी. आधी धाबं (मातीचं सपाट छप्पर) गळतं का ते बघा, गळत असेल तर पहिला टप्पा तोच. मातीच्या जाड भिंतीत चरे पाडून पाइप गाडू नका, भिंत ढासळते. पाइप आणि वायरची पट्टी वरूनच न्या. दिसायला बरं नाही, पण गळलं तर लगेच दिसतं.

भिंतीवर वजनाची कपाटं टांगू नका. सगळं वजन जमिनीवर, उभ्या कडप्प्यांवर. मातीवर टाइल्स धरत नाहीत. जाळी मारून सिमेंटचं प्लास्टर केलं तरी ते काही वर्षांत मातीपासून सुटतं. त्याऐवजी ओट्यामागे दोन फूट उंचीचा कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा सलग तुकडा ओट्यावर टेकवून उभा करा. वरची भिंत पांढरी. जुने सागवानी कोनाडे असतील तर ते तसेच ठेवा, मसाल्याच्या डब्यांना त्याहून चांगली जागा नाही.

१८. मधली भिंत पाडून स्वयंपाकघर मोठं करायचंय.

भिंत ९ इंच किंवा जास्त जाड असेल आणि घरात खांब-तुळया नसतील, तर बहुधा छत त्याच भिंतीवर आहे. मिस्त्री "काही होत नाही" म्हणेल. इंजिनिअरला एकदा दाखवा, त्याची फी एका ट्रॉलीपेक्षा कमी पडेल. साडेचार इंची भिंत असली तरी वर तुळई आहे का ते बघितल्याशिवाय घण लावू नका.

आणि बैठकीत पाहुणे बसलेले असताना मिरचीची फोडणी द्यायची आहे का, तेही ठरवा.

१९. वास्तूप्रमाणे शेगडी आग्नेयेला हवी म्हणतात. आमची नाही.

शेगडी हलवणं सोपं आहे, सिंक हलवणं महाग (प्रश्न १४). म्हणून आधी सिंक आहे तिथेच ठेवून शेगडी ओट्याच्या कोणत्या टोकाला जाते ते बघा. बऱ्याचदा तेवढ्यात घरातल्या मोठ्यांचं समाधान होतं. खिडकीच्या वाऱ्याने गॅस विझत असेल तर मात्र दिशेपेक्षा वारा बघा.

२०. टाइल्स टप्प्याटप्प्याने घेतल्या तर चालतील?

नाही. लावा हव्या तेव्हा, घ्या एकदम. खोक्यावर शेड नि लॉटचा नंबर असतो, दुसऱ्या लॉटचा पांढरा हा दुसराच पांढरा असतो. ८ नि ५ फुटांच्या ओट्यामागे २ फूट उंचीला २६ चौरस फूट लागतात, १० टक्के तूट धरून २९. वर दोन टाइल्स माळ्यावर ठेवून द्या.

फटी भरायला शेगडीमागे इपॉक्सी ग्राउट वापरा, बाकी ठिकाणी साधं चालेल. पांढरं साधं ग्राउट शेगडीमागे हळदीने महिनाभरात पिवळं होतं.

२१. मिस्त्री रोजाने लावावा की उक्ता?

मोजता येतं ते काम उक्तं: टाइल्स, ओटा, फरशी. जिथे आत काय निघेल माहीत नाही ते रोजाने: पाइप, ओल, जुनी भिंत. रोजाच्या कामावर घरातलं कोणीतरी हजर हवं.

पैसे कामाच्या टप्प्याने. आम्ही एका सुताराला निम्म्याहून जास्त उचल दिली. तो लग्नसराईत गेला तो श्रावणात उगवला, आणि आमच्या दारांचं माप हरवलं होतं. आता शेवटचे दहा टक्के सगळी दारं उघडून-मिटून बघितल्यावरच.

२२. भाड्याच्या घरात काय करावं?

जे सोबत नेता येईल तेवढंच. स्टीलची मांडणी, चाकांची ट्रॉली, एलईडी पट्टी. नळ बदललात तर जुना जपून ठेवा, जाताना परत बसवा.

२३. काचेची शेगडी ग्रॅनाइट कापून आत बसवावी का?

आपल्या स्वयंपाकाला नको. बट्ट्यांचं जड पातेलं, चार किलो वांग्यांचं भरीत घोटायचं पातेलं, हे सगळं काचेवर आपटणार. शिवाय ती बिघडली तर त्याच मापाची दुसरी शोधावी लागते, कारण दगडाला भोक पडलेलं असतं. साधी, वर ठेवायची स्टीलची घ्या.

२४. खापराचं काय? मांडे नव्या ओट्यावर होतील का?

नाही होणार. खापर, म्हणजे मांडे भाजायचं पालथं मातीचं भांडं, भरपूर तापावं लागतं आणि त्याला चारी बाजूंनी जाळ हवा, तो गॅसच्या बर्नरचा नव्हे. मागच्या दारी एक चूल ठेवाच. ओटा फोडताना निघालेल्या विटा तिथेच कामी येतात. वर पत्र्याचा आडोसा, शेजारी पाटा-वरवंट्याला एक शहाबादी फरशी. आमच्या चार टप्प्यांत सगळ्यात स्वस्त झालेलं काम हेच, आणि सासूबाईंनी स्वतः उभं राहून करून घेतलेलंही हेच. गेल्या आखाजीला नव्या ओट्यावर फक्त चहा झाला.